लाल दोऱ्याच्या पट्ट्या

४ नोव्हेंबर १९९६, सोमवार
आजपासून रोजनिशी. डायरी १९९५ची, एका केमिकल कंपनीच्या माणसाने दिलेली, कोरीच राहिली होती. वार खोडून वापरायचे. काटकसर.

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. माझाही होतोय. ३१ मार्चला पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतं. सहा वर्षं झाली, दोनदा मुदत वाढवून घेतली, तिसऱ्यांदा मिळत नाही, असं गाईड निमसे सरांनी राहुरीहून कळवलंय. पोस्टकार्डावर! म्हणजे पोस्टमनने वाचलं, आणि पोस्टमनने वाचलं म्हणजे कॉलनीने वाचलं.

पण पाच महिने आहेत. तीन महिने प्रयोग, एक महिना लेखन, एक महिना शिल्लक. शिलकीच्या महिन्यात शिर्डीजवळच्या मेहुण्याकडे जाऊन येऊ.

रोझीने मात्र सकाळीच सांगितलं की यंदा झालं तर झालं, नाहीतर जूनपासून तिचा नंबर. बी.एड. नाही म्हणून शाळेत ती सहा वर्षं टेम्पररी आहे. माझं आधी होऊ दे, असं तीच म्हणाली होती. आता सूर वेगळा लागतोय.

संकल्प: सकाळी सहाला उठून मिल हाऊसमध्ये, ऊस गाळतात तिथे, जायचं आणि प्रत्यक्ष निरीक्षण करायचं. संशोधक जागेवर हवा. दिवसाला दोन पानं लिहायची. चहा दोनच.

६ नोव्हेंबर, बुधवार
सहाला उठणं जमलं नाही. गार होतं.

दहाला लॅबमध्ये पोचलो. अकराला मिल हाऊसमध्ये उतरलो, बऱ्याच वर्षांनी. लोखंडी जिना, गुडघा बोलायला लागला. उसाचा रस वाहतो त्या नालीला हात लावून बघितला. बुळबुळीत थर, बोटभर जाड. हीच माझी पीएच.डी. रसातले बॅक्टेरिया साखर खातात, तिचा चिकट थर करतात आणि त्यात घर करून राहतात. कारखान्याची साखर जाते आणि वर वास येतो.

माझा उपाय: फाज. म्हणजे बॅक्टेरियाला आजारी पाडणारा व्हायरस. एक आत शिरतो, तासाभरात आतून शंभर फुटून बाहेर येतात, ते शेजाऱ्याला धरतात. गावात डोळे येण्याची साथ पसरते तसं. आपण एकदा सोडायचा आणि बघत बसायचं. हा विषय माझ्या स्वभावाला पहिल्यापासून मानवतो.

मिल हाऊसमध्ये पाइपांना, चाळणीला, कुठे कुठे लाल चिंध्या बांधलेल्या दिसल्या. कसला तरी नवस असणार. विचारलं नाही, उगाच कुणाच्या भावना दुखवा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
लॅबचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारायचं भांडं, १९९३ पासून बंद आहे. गॅस्केटच्या मागणीचा कागद स्टोअरमध्ये पडून. शेवटी घरचा प्रेशर कुकर आणला. रोझीला आठ दिवसांचा शब्द दिलाय. तिने विचारलं, कुठले आठ दिवस.

पण काम झालं! कारखान्याच्या गटाराच्या पाण्यात फाज सापडला. प्लेटवर बॅक्टेरियाची साय धरली होती, तिला जागोजागी गोल टक्कल पडलं. प्रत्येक टकलाच्या मधोमध एक फाज पहिल्यांदा बसलेला. एवढं सुंदर टक्कल मी पाहिलं नव्हतं. चीफ केमिस्ट कोळपकर साहेबांना बोलावून दाखवलं. ते स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत परत गेले.

पानं: शून्य. चहा: पाच. आनंदाचा दिवस होता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
प्रयोग उभा केला. स्टीलच्या बारा पट्ट्या, वीतभर लांब, रसाच्या नालीत सोडल्या. सहांना फाज, सहांना नुसतं पाणी. ओळखायला दोरे: रोझीच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा फाजवाल्यांना, पांढरा बाकीच्यांना. साधी गोष्ट, पण डोकं लागतं. रोज साडेदहाला सिरिंजने औषध घालायचं.

सूर्यभान मुकादमाने विचारलं, हे लाल कशापायी. म्हटलं, हे महत्त्वाचे आहेत, यांच्याकडे लक्ष असू दे. त्याने गंभीरपणे मान हलवली. म्हणाला, काळजी नगा करू साहेब, लाल हाय म्हंजी बायका बरोबर बघत्याल. मला वाटला होता त्यापेक्षा समजदार माणूस आहे.

उद्यापासून सहाला येणार म्हणजे येणार.

९ डिसेंबर, सोमवार
सहाला आलो नाही. पोटात ॲसिडिटी.

पण रिझल्ट! पांढऱ्या दोऱ्याच्या पट्ट्यांवर थर अंगठ्याएवढा. लाल दोऱ्याच्या चकचकीत. तोंड दिसतं. सहाच्या सहा! मी सहावीत माझं तोंड बघितलं. बरंच थकलेलं होतं, पण समाधानी.

सरांना पत्र टाकलं. इनलँड. पोस्टकार्ड नाही.

१६ डिसेंबर, सोमवार
सरांचं उत्तर. अभिनंदन एका ओळीत, शंका नऊ ओळींत. म्हणतात, जुन्या थरात फाज चिकटून अडकतात, तळाचे बॅक्टेरिया सुस्त पडलेले असतात आणि सुस्त पेशीत फाज वाढत नाही. पुस्तकं असंच सांगतात, मग तुमच्याकडे दहा दिवसांत सगळं साफ कसं?

पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. नगर जिल्ह्यातला फाज वेगळा असू शकतो, ही शक्यता कुणी तपासलीच नाही.

लाल पट्ट्यांवर बारीक चरे दिसतात. रसातली रेती असणार. मग पांढऱ्यांवर का नाहीत? त्यांच्यावर थर आहे ना, दिसणार कसे. चॅप्टर चारमध्ये एक परिच्छेद घालू.

गोजरबाई म्हणून मिल हाऊस धुणारी बाई आहे, तिने नवीन काथ्याचा ब्रश मागितलाय. महिन्यात दुसरा. कोळपकर साहेब रजेवर, सही माझी. नामंजूर केला. या बायका ब्रशचं करतात काय!

२५ डिसेंबर, बुधवार
नाताळ. चर्चमध्ये गेलो. उपदेश मोठा होता. पाळक म्हणाले, अंधारातही बी वाढत असतं. मी फाजचा विचार करत होतो.

जेवायला मेहुणा, त्याची बायको स्टेला आणि मुलं. कुकर लॅबमध्ये. रोझीने मटण पातेल्यात शिजवलं, चार वाजेपर्यंत. मुलं केक खाऊन झोपली. स्टेलाने विचारलं, कुकर बिघडला का. रोझी म्हणाली, कुकर बरा आहे. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

१ जानेवारी १९९७, बुधवार
नवं वर्ष, जुनी डायरी, नवे संकल्प. सहाला उठणे (निरीक्षण). दिवसाला चार पानं, कारण दोनचा हिशेब आता पुरत नाही. रोज चालणे. चहा एक. कुकर परत देणे.

उठलो साडेआठला. काल चर्चची रात्रीची उपासना होती.

२० जानेवारी, सोमवार
मला एकदम दिसलं की हे काम पीएच.डी.पुरतं नाही. कोळपकर साहेबांना मेमो दिला, दोन पानी. फाज वापरला तर पुढच्या हंगामापासून मिल हाऊस धुणाऱ्या सहा बायकांची गरज उरणार नाही. व्हायरस रजा मागत नाही, ब्रश मागत नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं.

संध्याकाळी रोझीने चॅप्टर चार टाइप करायला घेतला. ती शाळेतून येते, स्वयंपाक करते, मग टाइपरायटर. एकदाच थांबून तिने विचारलं, ती नाली धुतं कोण. म्हटलं, तो वेगळा विभाग आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत टाइप करायला लागली. तिला पाठदुखी आहे. माझ्याही मानेत कळ येते.

३ फेब्रुवारी, सोमवार
राहुरीला गेलो, एस.टी.ने, उभ्याने. सेमिनार दिला. चौदा माणसं, टाळ्या झाल्या, चहा चांगला होता (मोजला नाही).

सर रिझल्टचा तक्ता बराच वेळ बघत होते. म्हणाले, फार स्वच्छ आहे. मी आभार मानले. ते म्हणाले, स्तुती नाही करत, आढाव, एक पट्टी खरवडून तळाशी काय आहे ते बघाच. म्हटलं, सर, खरवडायला काही उरतच नाही. ते चष्मा पुसायला लागले. वय झालं त्यांचं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मेमो वर गेला, एम.डी. साहेबांना आवडला. कोळपकर साहेबांनी पाठीवर थाप मारली. बायकांना मुकादमाने सांगितलंही की पुढच्या हंगामाला येऊ नका.

थिसिस टाइप होऊन तयार. २१२ पानं. आभाराच्या पानावर मी सगळ्यांना घेतलंय, रोझीलाही, टायपिंग आणि कुकरबद्दल.

साडेतीनला गोजरबाई लॅबच्या दारात. जिना चढून वर आलेली पहिल्यांदाच बघितली. चपला बाहेर काढल्या, आत आली नाही. वाटलं, आता रडेल, तयारी ठेवली. ती रडली नाही. म्हणाली, साहेब, आमी पुढल्या साली न्हाई म्हनत्यात, ते ऱ्हाऊ द्या, पन एक इचारायचं हुतं. मग तुमच्या त्या लाल दोऱ्याच्या पट्ट्या कोन घासनार?

म्हटलं, कोण म्हणजे?

म्हणाली, रोज पहाटं मी घासते न्हवं. आधी गरम पानी, मग ब्रश. लई चिवट शेंबूड असतो त्यो. ब्रश झिजला, दुसरा भेटला न्हाई, मग नारळाच्या किशीनं घासल्या. तुमच्या कामात कसूर नगं, म्हून दोन्ही अंगानं.

पांढऱ्या दोऱ्याच्या का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

म्हणाली, त्यास्नी लाल कुठं हाय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
बाई साधी आहे. पुसल्या असतील एखाद्या वेळी. तिला रोज वाटत असेल. एवढ्यावरून सहा वर्षांचं काम नाकारता येत नाही.

दुपारी सूर्यभानला गाठलं. तो म्हणाला, व्हय साहेब, लाल चिंधी म्हंजी आधी धुवायचं. मी लागायच्या आधीपासून हाय हे. बायांना वाचता येत न्हाई, मग चिंधी बांधायची. तुमी दोरा बांधला, मी त्यास्नी सांगितलं, साहेबांचं काम हाय, नीट करा.

पंधरा वर्षं मी या कारखान्यात आहे. मिल हाऊसच्या डोक्यावर बसतो.

घरी आलो. अंगात कणकण. झोपलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार
झोपेत सुचलं. ब्रश आणि फाज, दोन्ही मिळून! ब्रशने थर फुटतो, मग फाजला वाट मिळते. संयुक्त परिणाम! नवीन शीर्षक. एक चॅप्टर फक्त बदलायचा.

बारा नव्या पट्ट्या, चरे नसलेल्या. दोरे सगळे पांढरे, टोकाला गाठी. गोजरबाईला सांगितलं, या सहा घास, तीनवर माझं औषध, तीनवर नाही. बाकी सहांना हात लावायचा नाही, त्यांतही तीनवर औषध. ती म्हणाली, घाण दिसली तर मुकादम बोलंल. म्हटलं, बोलला तर माझ्याकडे पाठव. नवीन ब्रशच्या कागदावर सही केली. ती ब्रश उलटसुलट करून बघत गेली.

१ मार्च, शनिवार
घासलेल्या सहाही चकचकीत. फाज घातलेल्या आणि न घातलेल्या, काही फरक नाही. न घासलेल्या सहांवर थर. फाज असो नसो, अंगठ्याएवढा.

सर म्हणाले होते तसं शेवटी खरवडलं. फाजवाल्या थराच्या वरच्या भागात फाजच फाज, मोजता येईनात. तळाशी बॅक्टेरिया ठणठणीत. फाज वरच्या मेलेल्या पेशींना आणि चिकटाला धरून बसलेत. खाली जायची वाट बंद, आणि खालचे इतके सुस्त की त्यांच्यात वाढायची सोय नाही. साथ वरच्या मजल्यावर आली आणि वरच्या मजल्यावरच संपली.

पहिल्यांदाच खरा रिझल्ट हातात आहे. मला फार थकल्यासारखं झालंय.

१० मार्च, सोमवार
राहुरी. सरांना सगळं सांगितलं, लाल चिंधीसुद्धा. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, हे आता काम झालं, आढाव, फाज खाली का जात नाही यावर खरंच कुणीतरी बसायला हवं, पण अजून दोन हंगामांचं काम आहे. मी मुदतीचं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एस.टी.त बसायला जागा मिळाली, एवढंच.

११ मार्च, मंगळवार
खरं सांगायचं तर टाइप केलेली २१२ पानं कपाटात तशीच आहेत. एकवीस दिवस आहेत. सरांनी सही करायला हवी, ती ते करणार नाहीत. की करतील? आग्रह केला तर? सूर्यभान आणि गोजरबाई काय, परीक्षकांना कोण जातंय सांगायला.

हे मी लिहिलं. पान फाडणार होतो. फाडत नाही.

मेमो मागे घ्यायला हवा. कोळपकर साहेब मीटिंगमध्ये होते. उद्या.

१४ मार्च, शुक्रवार
साहेबांकडे पाहुणे. सोमवारी.

१७ मार्च, सोमवार
सर्दी. अशा अवस्थेत मोठ्या माणसासमोर जाणं बरं नाही.

२१ मार्च, शुक्रवार
रोझीला सांगितलं. सगळं, पहाटेच्या घासण्यापासून. ती चपात्या लाटत होती, लाटतच राहिली. मग विचारलं, चॅप्टर चार काढायचा की सगळंच? म्हटलं, सगळंच. तिने लाटणं ठेवलं. म्हणाली, मी टाइप करताना तुम्हाला विचारलं होतं. मी म्हटलं, हो. मग तिने विचारलं, आणि त्या बायकांचं? म्हटलं, सांगणार आहे, सर्दी जाऊ दे. ती म्हणाली, सर्दी त्यांनाही होते, अहो.

२७ मार्च, गुरुवार
सांगितलं. उद्या गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून आजच. खरं कारण दुसरं आहे. सकाळी सव्वासहाला मिल हाऊसमध्ये गेलो होतो. पाच महिन्यांत पहिल्यांदा. गोजरबाई गुडघाभर वाफेत वाकून नाली घासत होती. मला बघून म्हणाली, साहेब, येवढ्या सकाळी, काय झालं? मी निरीक्षण केलं. अर्धा तास उभा होतो. ती एकदाही उभी राहिली नाही.

कोळपकर साहेबांसमोर मी म्हटलं, साहेब, माझं औषध चाललं नाही, ब्रश चालला, मेमो मागे घेतो. त्यांना आधी कळेना, मग कळलं, मग हसू आवरेना. मलाही हसावं लागलं. दुपारपर्यंत कँटीनला कळलं होतं. कुणीतरी माझ्या खुर्चीला लाल चिंधी बांधली.

बायका पुढच्या हंगामाला येणार. साहेबांनी तसं लिहून दिलं. सूर्यभानने गोजरबाईला सांगितलं तेव्हा मी वरून काचेतून बघत होतो. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत कामाला लागली. मला जिना उतरवला नाही.

३१ मार्च, सोमवार
काल ईस्टर. आज साडेपाचला राहुरीचं ऑफिस बंद होणार होतं, मुदत तिथपर्यंत. पाच वाजून वीस मिनिटांनी चहा घेतला. साडेपाचला दुसरा. काहीच झालं नाही. कुठे घंटाही वाजली नाही.

फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कुणी वाचत नाही.

१४ एप्रिल, सोमवार
हंगाम संपला, बॉयलर विझला. जाताना गोजरबाई पुन्हा दारापाशी. झिजलेला ब्रश देऊन गेली. म्हणाली, साहेब, न्यवा हा, घरी भांड्याला चालंल. म्हटलं, बाई, माफ करा. ती म्हणाली, कशापायी? मी ब्रश घरी न्यायच्या पिशवीत घातला.

१६ जून, सोमवार
रोझीचं बी.एड. सुरू. सात वाजता नगरच्या गाडीने गेली. मी सहाला उठलो, तिला डबा करून द्यायला. जमलं.

तिला नोट्ससाठी कागद हवे होते. कपाटातली २१२ पानं काढून दिली. पाठकोरी आहेत आणि कागद भारी आहे, त्या वेळी मीच निवडला होता. ती शांतपणे म्हणाली, वर्ष निघेल एवढ्यात.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिठ्ठी होती, चॅप्टर चारच्या पहिल्या पानाच्या मागे. संध्याकाळची डाळ लावून ठेवा. तीन शिट्ट्या. वाफ गेल्याशिवाय झाकण उघडू नका.

मला सांगते! मी चार महिने त्या कुकरवर संशोधन केलंय.

कुकर उघडला. तळाला काळा, कडक थर, नोव्हेंबरपासूनचा. तसाच परवा परत आणून ठेवला होता मी, धुतला आहे असं सांगून. गरम पाणी टाकलं. ठेवून बघितलं, दहा मिनिटं. काही सुटलं नाही.

गोजरबाईचा ब्रश घेतला. चाळीस मिनिटं घासला. दोन्ही अंगांनी. निघाला.